दिवसाची गाडी

भट्टीवाल्याला त्याची बायको घुबड म्हणायची आणि त्यात काही खोटं नव्हतं. सारं गाव अंथरुणात शिरायला लागलं की हा गडी पायात बूट चढवायचा, आणि लोक दात घासायला लागले की हा काखेत गरम पाव घेऊन घरी यायचा. तरुणपणी बेकरीत लागला तो पीठ मळायला. पुढे भट्टीवर गेला आणि तिथेच मुरला. लोकांना सकाळी ताजा पाव लागतो, म्हणजे तो रात्री कुणीतरी भाजायला लागतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. नसू दे. पाव खाताना माणसानं पाव खावा, भट्टीवाल्याची काळजी करत बसू नये.

काळजी करायला त्याची बायको होती.

लग्न होऊन थोडेच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. दिवसा झोप म्हणजे काय झोप असते? खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडतो, समोर कुणी भिंतीत खिळे ठोकतं, पोरं चेंडू आपटतात. असा रोज अर्धवट झोपलेला माणूस एकदा भट्टीसमोर उभ्या उभ्याच डुलला आणि त्याचा हात लोखंडी दाराला चिकटला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. बायकोनं तो हात पाहिला. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आजपासून तुमची झोप माझ्याकडे."

आणि खरोखरच ती झोप तिनं डोळ्यांत तेल घालून राखली. खिडकीला जाड गोधड्या लावल्या. दारावरच्या घंटीची तार स्वतःच्या हातानं कापून टाकली. पोस्टमनला दम भरला, भाजीवाल्याला समजावलं, भंगारवाल्याशी तर असं कडाकडा भांडली की तो पुढची कितीतरी वर्षं त्या गल्लीतून मुकाट्यानं गाडा ढकलत जायचा. कुकर लावायचा तो नवरा कामावरून यायच्या आधी, शिट्टी नको म्हणून. ती स्वतः लोकांचे कपडे दुरुस्त करायची. पँटची उंची कमी कर, कोटाच्या बाह्या आत घे, चेन बदल, असली कामं. घरात शिवणाचं मशीन होतं, पण ते फक्त तो उठल्यावर चालायचं. दिवसभर ती हातानंच टाके घालायची. बोटाची टोकं खडबडीत झाली होती तिची.

लेक झाली तीसुद्धा चवड्यांवरच चालायला शिकली. वरच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहायच्या, सगळ्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या. त्यांनीही आपल्या खुर्च्यांच्या पायांना खाली रबर चिकटवून घेतलं. सगळी इमारतच त्या माणसाच्या झोपेभोवती दबक्या पावलांनी फिरत होती म्हणा ना. घरात कायदा एकच, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. मास्तरीणबाईंनी एकदा चेष्टेनं विचारलं, "आणि घराला आग लागली तर गं?"

"आधी विझवीन," बायको म्हणाली, "मग हे आपणहून उठले की सांगेन."

हसले सगळे. हसण्यासारखंच होतं ते.

पण या राखणीत एक गोष्ट हातची गेली. दोघांनी मिळून दुपार कधी पाहिलीच नाही. सुट्टीच्या दिवशी तरी? छे. शरीराला सुट्टी कुठे कळते? सकाळ झाली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. लेकीच्या शाळेतल्या नाटकाला तो पहिल्या रांगेत बसला आणि घोरला. लेकीच्या लग्नातल्या फोटोंत सगळे हसतायत, आणि कडेला नवा कोट घातलेला बाप खुर्चीत ताठ बसून झोपलाय. लेक तो फोटो दाखवून अजून हसते. भट्टीवाल्याला मात्र त्या फोटोची लाज वाटायची. लेकीच्या लग्नात झोपणारा बाप! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं त्याला.

लेक सासरी गेली, घर आणखीच गप्प झालं. आणि एके दिवशी कुणीतरी पँट आखूड करायला आलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता त्या गाडीबद्दल सांगून गेलं. डोंगरातून जाणारी गाडी. सकाळी निघते, दिवसभर चढते आणि दिवे लागायच्या वेळेला पलीकडे उतरते. पूल आहेत, बोगदे आहेत, एका ठिकाणी तर धबधबा खिडकीच्या इतका जवळ येतो म्हणे की तुषार तोंडावर उडतात. चालते अशी रमतगमत की वाटेतल्या शेळ्यासुद्धा तिला घाबरत नाहीत.

बायकोनं ते मनात धरलं ते धरलंच. संध्याकाळी तो चहाला बसला तशी ती म्हणाली, "आपण जायचं."

"कुठे?"

"डोंगरातल्या गाडीनं. दिवसाच्या."

भट्टीवाल्यानं बशी खाली ठेवली. "रात्रीची नाही का एखादी? रात्री मी टक्क जागा असेन बघ. डोंगराच्या बापाला बघेन."

"आणि दिसणार काय? अंधार? तो मी रोज बघते, एकटी." मग ती चेष्टेच्या सुरातून बाहेर आली. "अहो, मला काही नको. दागिना नको, मोठं घर नको. तुमच्याबरोबर एक दुपार हवी. उजेडात समोरासमोर बसलोय, बाहेर काहीतरी छान चाललंय, आणि तुमचे डोळे उघडे आहेत. एवढंच. म्हातारपण आलं की दोघांचेही डोळे मिटायला लागतील, मग कुठली दुपार?"

त्यानं बशी पुन्हा उचलली. "जाऊ या," म्हणाला.

मग काय विचारता. रोज संध्याकाळी चहाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. डबा काय न्यायचा, पाणी किती, त्याचा कोट कुठे सैल झालाय, तो आत घ्यायचा. भट्टीवाला भोळेपणानं विचारायचा, "बोगदे किती आहेत गं वाटेत?"

"तुमची झोप भागेल एवढे नाहीत. बोगद्यात डोळे मिटले तर चालतील. बाहेर आलं की उघडायचे. नाहीतर चिमटा काढीन."

"उठवशील मला? तू?"

"गाडीत उठवीन. गाडी म्हणजे घर नव्हे."

एका संध्याकाळी कामावर जायच्या आधी ती त्याला घेऊन स्टेशनवर गेली. तिकीट खिडकीतला कारकून अगदी बारका, चष्म्याआडून बघणारा, याच्याच बेकरीचा पाव खाणारा. बायकोनं त्याला पहिलाच प्रश्न टाकला, "दरी कुठल्या बाजूला येते?"

"बाई, मी तिकिटं विकतो. गेलो नाही कधी."

"इतकी वर्षं विकताय आणि गेला नाहीत?"

"तुमचे हे पाव भाजतात ना? ते काय प्रत्येक पाव खातात?"

रांगेतले लोक हसले, भट्टीवालाही हसला. बायको मात्र हटली नाही. तिनं मागच्या लोकांना विचारलं, हमालाला विचारलं, शेवटी एका म्हाताऱ्या प्रवाशानं सांगितलं की जाताना डाव्या हाताला बसा, सगळी गंमत डावीकडे. मग कारकुनाला डावीकडच्याच दोन जागा शोधायला लावल्या, समोरासमोरच्या, खिडकीलगतच्या. ठरवलेल्या दिवशी नव्हत्या म्हणून तारीख पुढे गेली, थंडी सरतानाची मिळाली. "चालेल," ती म्हणाली. "तोवर तालीम करू."

तालीम म्हणजे दिवसा जागं राहण्याची. भट्टीवाल्यानं मालकाकडून प्रवासाची रजा मागून घेतली. मालकानं तोंड वाकडं केलं, पण दिली. आणि रोज सकाळी घरी आल्यावर लगेच अंथरूण न धरता तो बायकोबरोबर बसायला लागला. पहिल्या दिवशी चहाच्या कपावरच डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बाजारात नेलं, तर आपल्याच गल्लीत उन्हात उभा राहून परक्यासारखा बघत राहिला.

"हे चष्म्याचं दुकान कधी झालं?"

"आपली पोर शाळेत होती तेव्हा. चला आता, रस्त्यात उभे राहू नका."

हळूहळू जमायला लागलं. डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं, पण आज कालच्यापेक्षा जरा जास्त, उद्या आणखी जरा जास्त. आणि त्या जागेपणी त्याला आपलं घर दिसायला लागलं. बायको खिडकीच्या गोधडीचा एक कोपरा बाजूला सारते आणि त्या एवढ्याशा उजेडात टाके घालते. ओठांत टाचण्या धरते. दोरा संपला की मान न हलवता हात पुढे करते आणि रीळ बरोबर तिथेच असतं. इतक्या वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं.

"मशीनवर का नाही करत?" त्यानं विचारलं.

"सवय."

"अगं, मी जागा आहे. चालव की."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग उठली, मशीनवरचं कापड काढलं, बसली आणि भर सकाळच्या उजेडात पाय मारला. मशीन असं खडखडलं की वरून मास्तरीणबाई घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. "काय गं, बरा आहे ना तो?" बायकोला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. भट्टीवाल्याला वाटलं, आपण किती मूर्ख आहोत. हे आधीच का नाही केलं आपण?

दुपारपर्यंत मात्र तो एकदाही पोचला नाही. उन्हं चढली की कुठेही असो, मान टाकायचा. बायको त्याला धरून अंथरुणावर नेऊन घालायची आणि म्हणायची, "येईल. दुपार पण येईल. गाडी निघेपर्यंत येईल."

आता माणसाचं वय झालं की शरीर दोन्हीकडून ओढलेलं चालत नाही. दिवसाची झोप कमी झाली आणि रात्रीचं काम तर तेवढंच. जाण्याला थोडे दिवस उरले असताना भट्टीतून कढत पत्रा बाहेर ओढता ओढता त्याला क्षणभर झापड आली. पत्रा निसटला. तळहात भाजला. पूर्वीसारखं भयंकर नव्हतं, पण फोड आले होते आणि तो घरी आला तेव्हा हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

बायकोचा चेहरा असा उतरला की त्याला स्वतःच्या हातापेक्षा तिचंच वाईट वाटलं. तिनं मलम लावलं, पट्टी बांधली. बांधून झाल्यावर म्हणाली, "बस झाली तालीम. माझंच चुकलं. कसली मेली हौस."

"अगं, हे काहीच नाही."

"आज तुम्ही चांगली ढाराढूर झोप काढायची. मला जाण्याच्या दिवशी माणूस हवाय, भाजलेला पाव नकोय." तिनं गोधड्यांची टोकं नीट खोचली, कुठूनही उजेडाची रेघ येऊ नये अशी. दार ओढून घेताना म्हणाली, "कुणी फिरकणार नाही बघा आज. झोपा."

तो झोपला. कधी नव्हे असा झोपला. तालमीच्या सगळ्या दिवसांची झोप त्याच्या अंगावर एकदमच कोसळली. स्वप्नसुद्धा पडलं नाही.

जाग आली ती आपोआप. गोधडीच्या कडेनं दिवस मावळल्यासारखा वाटत होता. घर शांत होतं. पण त्यांचं घर शांतच असायचं, त्यामुळे त्याला काहीच वाटलं नाही. तोंड धुतलं, स्वयंपाकघरात आला. बायको टेबलाशी खुर्चीत बसलेली, हातांची घडी टेबलावर, त्यावर डोकं टेकलेलं. समोर त्याचा कोट पडला होता, अर्धवट उसवलेला.

डोळा लागला वाटतं हिचा, असं त्याच्या मनात आलं. बरंच झालं. ही बाई कधी झोपते, कधी उठते, कुणाला ठाऊक? त्यानं तिला उठवलं नाही. भांड्यांचा आवाज न करता, भाजलेला हात सांभाळत एका हातानं चहा केला. तिच्यासाठीही केला आणि वर बशी झाकून ठेवला. मग तिच्या समोरच्या खुर्चीवर बसून चहा पीत तिच्याकडे बघत राहिला. केस किती पांढरे झालेत हिचे. त्याला बरं वाटत होतं. हे सांगायला नको वाटतं, पण खरं आहे. त्या वेळी त्याला फार बरं वाटत होतं. आज आपण राखण करतोय हिच्या झोपेची, असं काहीबाही मनात येत होतं.

झाकलेला चहा निवत चालला म्हणून शेवटी त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, दुपारीच कधीतरी. म्हणाले, सुरुवात झाल्या झाल्या आणलं असतं तर करता आलं असतं काहीतरी, वेळ होता. डॉक्टर तरुण होते, सरळपणानं बोलून गेले. त्यांना कुठे ठाऊक होतं की ते कुणाशी बोलतायत.

लेक आली, जावई आला, माणसं आली आणि गेली. सगळे हलक्या आवाजात बोलत होते आणि बूट बाहेर काढत होते. तसे ते त्या घरात नेहमीच बोलत आणि काढत आले होते. गर्दी पांगल्यावर मास्तरीणबाई खाली आल्या. साऱ्या शाळेला घाम फोडणारी बाई, पण उंबऱ्याच्या आत यायला धजत नव्हती.

"तुम्हाला सांगितल्यावाचून मला घास गिळत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ती दुपारी वर आली होती माझ्याकडे. पित्ताची गोळी आहे का म्हणाली. छातीत जड वाटतंय, पाठ भरून आलीय. घाम फुटला होता तिला. मी म्हटलं, अगं, उठव त्याला. तर म्हणाली, नको हो, हात भाजलाय, किती दिवसांची झोप राहिलीय. उठतील आपणहून चारला. तोवर काही मरत नाही मी."

भट्टीवाला आपल्या हातावरच्या पट्टीकडे बघत होता.

"मी म्हटलं, मी उठवते. तर माझा हात धरला. पट्टीच्या हातानं झोपलेत बिचारे, म्हणाली. गोळी घेतली आणि गेली." मास्तरीणबाईंनी पदर नाही की रुमाल नाही, तळहातानंच डोळे पुसले. "मला राहवेना. थोड्या वेळानं मी खाली आले. तुमची घंटी तर नाहीच. नखानं दार वाजवलं. मोठ्यानं कसं वाजवणार, तुम्ही आत झोपलेले. आतून काही आवाज नाही. मला वाटलं, पडली असेल तीही. मग मी... चवड्यांवर वर गेले हो. आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर गेले."

त्यानं त्यांना दोष दिला नाही. कुणाला देणार? तिला? तिनं जन्मभर जे केलं तेच त्या दुपारी केलं. मधे एक भिंत होती, तीही काही फार जाड नव्हती. नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. मशीनवर एकदा पाय मारला असता तरी तो उठला असता. ती त्याच्या झोपेशेजारी बसून मेली, आणि मरताना तिनं खुर्चीचा आवाजसुद्धा केला नसणार. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असून जगायचं कसं ते त्याला कुणी सांगत नव्हतं.

त्यानंतर त्याची दिवसाची झोप गेली. गेली म्हणजे पारच गेली. सकाळी घरी यायचा, अंथरुणावर पडायचा आणि डोळे सताड उघडे. लेकीनं गोळ्या आणून दिल्या, उपयोग शून्य. उन्हं चढायची, माथ्यावर यायची, कलायची, आणि हा छताकडे बघत. जी दुपार त्याला तालीम करूनही गाठता आली नव्हती ती आता रोज दाराशी येऊन बसत होती. दुपारी इतक्या लांबलचक असतात याची त्याला कल्पना नव्हती. ती या सगळ्या दुपारी एकटीच, आवाज न करता, हातानं टाके घालत काढत आली होती. आता त्याला कळलं, आणि आता कळून काय करायचं होतं?

गाडीची तारीख जवळ आली तसा तो तिकिटं परत करायला स्टेशनवर गेला. खिडकीत तोच बारका कारकून. त्यानं लगेच ओळखलं, चष्मा वर केला.

"या या. डावी बाजू! बाईंना सांगा, मी मुद्दाम विचारून ठेवलंय. पहिला मोठा पूल डावीकडेच दिसतो. म्हातारबा बरोबर होते."

भट्टीवाला तिकिटं हातात घेऊन उभा राहिला. मागून रांग सरकत होती. तोंड उघडून सांगायचं एवढंच होतं, पण जमलं नाही. "सांगतो," म्हणाला आणि तिकिटं खिशात घालून परत फिरला. लेक बरोबर येते म्हणाली तर तिलाही नको म्हणाला. का नको, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

असा तो त्या गाडीत बसला. डाव्या हाताला, खिडकीशी. समोरची जागा मोकळी. गाव मागे पडलं, शेतं आली, मग जमीन उचलायला लागली. लोकांनी खिडक्यांना नाकं लावली. भट्टीवाला टक्क जागा होता. असा जागा तो उभ्या आयुष्यात कधी नव्हता, आणि समोर कुणीच नव्हतं. खाली झाडं लहान होत गेली, नदी दिसायला लागली. बघायला सांगितलंय म्हणून बघावं तसा तो बघत होता. छान होतं सगळं. छान आहे हे कळत होतं आणि त्याचा राग येत होता.

मधल्या एका स्टेशनवर एक बाई चढली. मध्यम वयाची, हातात जड पिशवी, चेहरा ओढलेला.

"इथे कुणी आहे का हो?"

त्याचा हात खिशातल्या दुसऱ्या तिकिटाकडे गेला. "बसा," तो म्हणाला.

ती धप्पकन बसली, पिशवी पायाशी ठेवली. "इस्पितळाच्या स्वयंपाकघरात असते. रात्रपाळी करून येतेय. डोळे उघडे राहत नाहीत बघा. लांब बोगदा गेला की पुढचं स्टेशन माझं. मला उठवाल का?"

भट्टीवाला पुढे वाकला. "उठवलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे काय? उठवाच. नाहीतर जाईन पार शेवटपर्यंत." आणि तिनं डोकं मागे टेकलं. क्षणात झोपली. रात्रपाळीच्या माणसाची झोप, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल सुटलेले. त्याला ती झोप चांगली ठाऊक होती.

पलीकडच्या बाकावरची मंडळी पत्ते खेळत होती, हसत होती. भट्टीवाल्याचं बोट आपोआप ओठांवर गेलं. ती माणसं समजूतदार होती, आवाज कमी केला त्यांनी. तेव्हा त्याला एकदम भडभडून आलं. सगळं जग असं समजूतदार. सगळं जग असं चवड्यांवर.

मोठा पूल आला. डब्यातले सगळे डावीकडे धावले, कुणी त्याच्या डोक्यावरून वाकलं, कुणी हात बाहेर काढून दाखवत होतं. खाली दरी असणार. त्यानं पाहिली नाही. तो त्या बाईकडे बघत होता. मग लांब बोगदा आला आणि संपला, आणि गाडीचा वेग कमी व्हायला लागला.

तो उठून उभा राहिला. "बाई," म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. स्टेशनच्या भिंती दिसायला लागल्या. हात पुढे केला आणि हवेतच थांबला. मागच्या वेळी झोपलेल्या बाईच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला होता तो त्याला आठवला. गाडी थांबत आली. पत्तेवाल्यांपैकी कुणीतरी बघायला लागलं. त्यानं डोळे मिटले आणि हात ठेवला.

खांदा गरम होता.

ती हलली, डोळे उघडले, बाहेर बघितलं. ना दचकली, ना चिडली. "आलं वाटतं. बरं झालं उठवलंत." पिशवी उचलली, फलाटावर उतरली आणि माणसांत मिसळून चालायला लागली. जाताना तिनं एक जांभई दिली, एवढंच.

गाडी सुटली. भट्टीवाला तसाच उभा होता, हात अजून पुढे केलेला. मग तो हळूहळू खाली बसला आणि समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला, चांगलं मोठ्यानं, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं, "एवढंच करायचं होतं गं. एवढंच."